सोमवारच्या रेकॉर्डिंगनं खाल्लेली मेमरी

युपीएस टूं-टूं करून राहिला होता अन् स्क्रीनवर पुन्हा तोच डब्बा — लो ऑन मेमरी. ओके दाबलं का जाते, श्वास घेत नाई तं पुन्हा येते. दाबलं, गेला. आला. दाबलं, गेला. आला... माझ्या एका कानावर फोन, फोनवर साकोलीहून नणंद वरडून राहिली. दुसऱ्या कानावर हेडफोनची एक वाटी, अन् त्या वाटीत माझी पोरगी बोलून राहिली होती.

तुमी म्हनसान, पोरगी बोलते तं त्यात काय एवढं. माझी अनू चार वर्साची आहे अन् ती बोलत नाई. एक शब्द नाई. मले आई सुद्धा नाई म्हनत.

"वहिनी, सेव्ह कर! आधी सेव्ह कर, मंग रड!" ताई फोनमधून.

मी सेव्ह दाबलं. नॉट इनफ मेमरी. पुन्हा दाबलं. नॉट इनफ मेमरी. लाइट दुपारी दीडले गेलती, युपीएस पंधरा-वीस मिनिटं चालते, त्यातली किती गेली मले माहीत नव्हतं. अंगाले घाम, हाताले घाम, माऊस हातातून सटकून राहिला...

थांबा, पयलेपासून सांगते, नाई तं तुमाले काई समजनार नाई. मी दहावी नापास आहे, फोनमधी बोलून बोलून लिहून राहिली, चुकलं तं समजून घ्या.

खरं सांगू? ह्या ग्रुपवरच्या भुताच्या गोष्टी मी हसाले वाचत होती. पोळ्या लाटता लाटता नणंदेले फोनवर वाचून दाखवाची अन् आमी दोघी पोट धरधरून हसत होतो. मोहल्ल्यात कोनी म्हनलं चिंचेखाली काई दिसलं, तं मीच म्हनाची, बाप्पा, गांजा कमी पेत जा. माझ्या माहेरी बी कोनी असलं काई मानत नाई. म्हनून आता कोन्या तोंडानं लिहू, असं झालं. पन लिहून राहिली. घरात कोनी ऐकाले तयार नाई.

आमचं गाव मोहाडी तालुक्यात. वरठीच्या स्टेशनवरून मोटरसायकलनं अर्धा घंटा. अनूचे पप्पा वरठीले कारखान्यात जाते, शिफ्टमधी फोन बाहेर ठेवा लागते. घर एका रांगेत तीन खोल्याईचं. समोर मागाची खोली, तिथं मामाजी, म्हनजे माझे सासरे, कोशाच्या साड्या विनतात अन् आत्याबाई, म्हनजे सासू, बाजूले बसून चरख्यावर दोऱ्याच्या कांड्या भरते. मधातली खोली आमची, कॉम्प्युटर तिथंच, भिंतीले लागून. मागं सैपाकघर अन् आंगन. आंगनाकडून बी दार आहे, पन तिथून आलं का बकेट, भांडे, कायचा ना कायचा आवाज होतेच. हे ध्यानात ठेवा.

कॉम्प्युटर जुनाच आहे. ताईचं साकोलीले झेरॉक्सचं दुकान आहे, त्याईनं नवा घेतला तवा जुना आमाले दिला. मी त्यावर मोहल्ल्यातल्या बायाईचे फॉर्म भरून देते, पोराईचे गाने लावते, तेवढंच.

आता अनूचं. अनू ऊं म्हनते, हात धरून ओढते, पानी पाहिजे तं मडक्यापाशी जाऊन उभी राहते. कान तपासले, चांगले आहेत. आत्याबाई म्हनते, "मायचंच तोंड बंद होत नाई तं लेकरू कवा बोलन?" शेजारीन म्हनते, "हिचे शब्द तूच खाल्ले वो." हसता हसता म्हनतात, पन लागते ना जी...

भंडाऱ्याले बोलन्याच्या मॅडम आहेत, त्याईच्याकडे आमी जातो. मॅडम चांगल्या आहेत. त्या म्हनल्या, इथं ती घाबरते. घरी एकटी खेळते तवा कसे आवाज काढते, चार दिवस रेकॉर्ड करा अन् बुधवारी घेऊन या. नुसते आवाज आहेत का शब्द आहेत, त्यावर पुढचं ठरवू.

पुढचं म्हनजे काय, ते मले माहीत होतं. नागपूरले एक शाळा आहे, न बोलनाऱ्या लेकराईची, तिथंच राहाचं, तिथंच शिकाचं. फॉर्म घरी आनून ठेवला होता. एक शब्द जरी रेकॉर्डिंगमधी निंघाला, तं पोरगी घरी राहीन अन् गावच्या शाळेत जाईन. नाई निंघाला, तं चार वर्साचं लेकरू होस्टेलले. माझा सारा जीव त्या एका शब्दात अडकला होता.

फोन एकच अन् तो दिवसा अनूच्या पप्पाजवळ. (वर सांगतलं ते सारं मंगळवारचं, तवा माझ्या कानाले होता तो फोन आत्याबाईचा, बटनाचा.) म्हनून कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग लावलं. माइक ताईनंच पाठवला होता, हेडफोनसंगचा. शनवारी लावलं, अइतवारी लावलं, सोमवारी लावलं, मंगळवारी बी लावलं.

अन् मेमरीचं भांडन शनवार संध्याकाळपासूनच सुरू झालं.

आधी मले वाटलं गरम झाला म्हनून करते. कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडे केलं. आत्याबाई बोलली, "मानसं उकडून मेले तरी चालन, डब्बा थंडा राहिला पाहिजे!" तरी तोच मेसेज. मंग मले वाटलं, फोनची मेमरी भरते तवा फोटो पुसतो, तसंच असन. अइतवारी बसून फोटो पुसले. गाने पुसले. तरी मेमरी कमी. आनखी पुसले. अनूचे पप्पा चहा पेत मागं येऊन उभे झाले.

"आपल्या लग्नाचा अल्बम कुठं गेला वो?"

"पुसला."

"मेमरी कमी आहे म्हनून लग्नच पुसलं का?"

हसले ते, पन मले रडू आलं. लग्न पुसून बी तोच डब्बा येऊन राहिला होता! सोमवारी बंद-चालू करून पाहाचं मनात आलं, पन मी बंद करत नाई. ते बी सांगते, कारन तिथंच माझी चूक झाली.

आमच्या घरी माग कधी मोकळा करत नाईत. साडी झाली का कापून घेतात, पन तान्याचे, म्हनजे उभ्या धाग्याईचे, शेंडे मागातच राहू देतात, अन् नवा ताना त्याच शेंड्याईले एकेक गाठ मारून जोडतात. शेंडे सुटले तं सारे धागे पुन्हा फनीतून ओवा लागते, दोन दिवस जाते. मी लग्न होऊन आली तवा आत्याबाईनं पयली गोष्ट हेच शिकवली, का लागलेलं काम सोडाचं नाई, शेंडा राहू द्याचा. माझ्या डोक्यात ते असं बसलं का कॉम्प्युटरवर कोपऱ्यातली लाल फुली दाबली म्हनजे धागा तोडला. म्हनून मी काई बंदच करत नव्हती. खाली सरकवून ठेवाची. बायाईचे फॉर्म, गाने, सारं खाली. चारही दिवसाचे रेकॉर्डिंग तसेच उघडे, खाली सरकवलेले. सेव्ह एक बी नाई. सेव्ह कराचं असते हेच मले माहीत नव्हतं. लागलेलं आहे ना, मंग आहे!

मंगळवारी जेवनं झाल्यावर मामाजी मागावर बसले, आत्याबाई कांड्याईले. अनू मागाच्या खोलीच्या उंबऱ्यावर खेळत होती. मी म्हनलं, उद्या मॅडमकडे जाचं, आज ऐकून पाहू, कुठं एखादा शब्द आहे का. शनवारचं पळवत पळवत ऐकलं. माग, कुकर, कावळा, ऊं ऊं. अइतवारचं ऐकलं, पुरा क्रिकेट. सोमवारचं लावलं. ते चाळीस मिनिटाचंच होतं, कारन सोमवारी मधातच मेसेज आला म्हनून मी थांबवलं होतं.

पयले दहा मिनिटं काई नाई. दूर माग, खट-खट, खट-खट. मंग अनूचे पैंजन. तिच्या एका पैंजनाचे घुंगरू पडले आहेत, म्हनून एकाच पायाचा आवाज येते, तो मी हजारात ओळखीन. ती टेबलाजवळ येऊन बसली. अन् मंग...

"तिकडं नको बसू. तिकडून आजी येते."

मी कानावरची वाटी काढून मागं पाह्यलं. अनू उंबऱ्यावरच होती, दोऱ्याच्या रिकाम्या कांड्या एकावर एक ठेवत. तोंड बंद.

पुन्हा वाटी लावली. खट-खट, खट-खट. कोनी नाई बोललं. जसं कोनी काई सांगते अन् आपन ऐकतो, तेवढा वेळ. मंग,

"हव. मले येते ना. मले सारं येते."

साफ! माझ्याहून साफ. आवाज इत्तुसा, थोडा नाकातला, तिले सर्दी होती ना सोमवारी. पुन्हा तेवढाच वेळ चूप. अन् हसली. अनू हसते तवा आधी श्वास ओढते, तशीच हसली.

"आईले नाई सांगाचं. आई सगळ्याईले सांगते."

तुमाले काय सांगू, मले आधी भेव नाई वाटलं. मले लाज वाटली. मंग आनंद झाला, मंग भेव वाटलं, सारं एका श्वासात. मी आत्याबाईचा फोन आनून ताईले लावला. लावता लावताच लाइट गेली, कूलर बंद पडला, युपीएस टूं-टूं कराले लागला अन् स्क्रीनवर तो डब्बा आला.

"ताई, अनू बोलली! रेकॉर्डिंगमधी बोलली!"

"काय बोलली?"

"खूप बोलली! कोनासंग तरी बोलून राहिली!"

"कोनासंग?"

"मले का माहीत! मागाचा आवाज चालू आहे, म्हनजे मामाजी मागावर आहेत, आत्याबाईचा चरखा चालू आहे. मी आंगनात होती, कपडे वाळत घालत. घरात दुसरं कोनीच नव्हतं!"

मी हेडफोनची वाटी फोनले लावली. ताई म्हनल्या, "नुसती खरखर येते वो. ते राहू दे. सेव्ह केलं का?"

"सेव्ह म्हनजे?"

ताई मंग जे वरडल्या! "चार दिवसाचं सेव्ह नाई केलं? वहिनी, तो कॉम्प्युटर आहे, बाबाचा माग नोहे! लाइट गेली का सारं जाते!"

मंग ते सुरू झालं. सेव्ह, नॉट इनफ मेमरी. सेव्ह, नॉट इनफ मेमरी.

"फोटो पुसले ना मी ताई! लग्नाचे बी पुसले!"

"माय वो... ते कपाट झालं. हे ओटा आहे. तू कपाट रिकामं केलं अन् पसारा ओट्यावर पडला आहे. कंट्रोल, अल्ट, डिलीट तिन्ही संगं दाब. दाबलं? टास्क मॅनेजर म्हन. आता मेमरी लिहिलं आहे त्यावर दाब. सगळ्यात वर काय आहे?"

सगळ्यात वर सोमवारचं रेकॉर्डिंगच होतं. तेच एकटं सारी मेमरी खाऊन बसलं होतं.

"एंड टास्क नको दाबू! सारं जाईन. पयले बाकीचं बंद कर."

मी फॉर्म बंद केले. लाल फुली. गाने बंद केले. लाल फुली. दर फुलीले वाटे, धागा तुटला. मेमरी इत्तुसी बी हालत नव्हती. सेव्ह, नॉट इनफ मेमरी. आत हेडफोनमधी ते चालूच होतं, मी बंद करू शकत नव्हती, मले ऐकाचं बी होतं...

"कोनासंगच नाई बोलत मी. तुयासंगच."

"वहिनी, आता शनवारचं बंद कर. डोन्ट सेव्ह म्हन."

"त्यात तिचं ऊं ऊं आहे ताई..."

"ऊं ऊं तं रोजचंच आहे! दाब!"

शनवार दाबला. अइतवार दाबला. मंगळवारचं चालू होतं, त्या घडीले बी आमचं बोलनं रेकॉर्ड होऊन राहिलं होतं, ते बी दाबलं. युपीएसचा आवाज बदलला, टूं टूं टूं टूं, लागोपाठ. स्क्रीनवर एकटा सोमवार राहिला.

"आई आली. चूप."

अन् त्याच्या मागून बकेट ठेवल्याचा आवाज, अन् माझा आवाज — "अनू, काय करून राहिली माय?" अन् अनूचं, "ऊं."

मले ती घडी आठवली. सोमवारी मी आंगनातून आली तवा अनू टेबलाखाली बसली होती अन् तिच्यासमोर मुरमुऱ्याचे दोन ढीग होते. एक तिच्याकडे, एक समोर. मी म्हनलं होतं, काहून सांडवते वो, अन् दोन्ही ढीग एकत्र करून वाटीत भरले होते.

"वहिनी! आता सेव्ह दाब!"

मी दाबलं. ह्या वेळी डब्बा आला नाई. नाव विचारलं. मी ए दाबला, एन दाबला, यू दाबला. आता खालचं बटन दाबलं का झालं. माऊसचा बान बटनावर नेला.

अन् माझ्या हातावर हात आला.

अनू कवा आली मले कळलं नाई. पैंजन वाजलं नाई. म्हनजे वाजलं बी असन, माझ्या कानावर वाटी होती. तिनं तिचा इत्तुसा हात माझ्या हातावर ठेवला अन् माझ्याकडे पाह्यलं. अनू कधी डोळ्यात पाहत नाई हो. मॅडमनं तेच तं पयले लिहिलं होतं कागदावर. त्या दिवशी पाह्यलं. अन् मान हालवली. इकडून तिकडं. एकदा. दोनदा.

नाई.

चार वर्सात तिनं मले हो बी नाई म्हनलं, नाई बी नाई म्हनलं. नको असलं का ती रडते, आंग टाकते. मान हालवनं तिले येतच नाई. मॅडम किती शिकवतात, येत नाई.

"दाबलं का? वहिनी? दाबलं का?"

मी तिले म्हनलं, "अनू, हे नाई दाबलं तं तुले नागपूरले पाठवतीन माय." तिनं हात काढला नाई. जोर बी नव्हता त्या हातात. मी सहज दाबू शकत होती.

माऊसवरचं बोट मी उचललं.

युपीएस एक लांब आवाज करून बंद झाला. स्क्रीन काळी. मागाच्या खोलीतून खट-खट येतच होती, मामाजीच्या मागाले लाइट लागत नाई. अनूनं हात काढून घेतला अन् जाऊन पुन्हा कांड्या रचाले लागली, जसं काई झालंच नाई.

बुधवारी मी अन् अनूचे पप्पा अनूले घेऊन मॅडमकडे रिकाम्या हातानं गेलो. सारं सांगतलं. त्याईनं पुरं ऐकून घेतलं, पानी दिलं, म्हनल्या, आईच्या कानाले असं ऐकू येऊ शकते, तुम्ही फार दमल्या आहात. अनूचे पप्पा बाहेर आल्यावर म्हनले, "शेजारची पोरगी आली असन खेळाले." शेजारची पोरगी त्या आठवड्यात तिच्या मामाच्या गावी होती, मी विचारून आली. मंग म्हनले, "टीव्ही असन." सोमवारी टीव्ही बंद होता. मंग ते चिडले. "मंग काहून नाई दाबलं तू? एक बटन तं होतं!" आत्याबाई म्हनते बरं झालं नाई दाबलं, अन् उठून जाते.

अइतवारी ताई साकोलीहून आल्या. कॉम्प्युटर खोलून मेमरीची नवी पट्टी लावली. आता तो डब्बा येत नाई. सेव्ह न केलेल्या रेकॉर्डिंगचे तुकडे कॉम्प्युटर कुठं तरी लपवून ठेवते म्हने, ते त्याईनं शोधले. शनवारचे मिळाले. अइतवारचे मिळाले. मंगळवारचे बी मिळाले, त्यात मी वरडून राहिली आहे. सोमवारचा एक बी तुकडा नाई. अन् ताई स्वतः म्हनल्या, हसून नाई म्हनल्या, "वहिनी, चाळीस मिनिटाचं रेकॉर्डिंग एवढी मेमरी खाऊच शकत नाई. एवढी खाले रात्रंदिवस, मैनाभर बोला लागते."

त्यानंतर मी रोज लावते. रोज सेव्ह करते, नाव देऊन. माग, कुकर, ऊं ऊं. दुसरं काई नाई. मुरमुरे देऊन पाह्यले, एकच ढीग करते. अन् मान एकदा बी हालवली नाई.

फॉर्मवर अनूच्या पप्पाची सही झाली आहे. ते वाईट नाईत हो, ते म्हनतात तिथं शिकवतीन तरी, इथं आपन काय शिकवू? येत्या सोमवारी तिले घेऊन नागपूरले जाचं आहे. तिचे फ्रॉक मी भरून राहिली अन् मधातच बसून हे लिहून राहिली. ती म्हनली होती आई सगळ्याईले सांगते, अन् पाहा, मी सांगूनच राहिली. पन मी एकटी नाई धरू शकत हे.

तिनं जल्मात पयल्यांदा मले काई सांगतलं होतं. मी ते ऐकलं म्हनून ती आता माझ्यापासून दूर चालली. दाबलं असतं तं घरी राहिली असती, पन मंग पुन्हा कधी तिनं माझा हात धरला असता का? रोज हेच, भांडे घासताना हेच, डोकं फुटाले आलं.

तुमी हुशार लोक आहात, शिकलेले आहात. मले शिव्या द्या तरी चालन, पन कोनी तरी खरं सांगा. बटनावर तुमचं बोट, अन् बोटावर तुमच्या लेकराचा हात... तुमी दाबलं असतं का?